कोटाच्या खिशातली फाइल

२००६ च्या फेब्रुवारीतला तो रविवार. आमची लॅरिसा कॅनडातल्या आमच्या सॅस्कॅचवान प्रांताच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, अंतिम सामन्यात खेळणार होती, आणि सामना दुपारी दोनला टीव्हीवर. "बाबा, रेकॉर्ड करून ठेव. माझ्या हातून दगड कसा सुटतो ते मी कधी पाहिलंच नाही," ती फोनवर म्हणाली. माझ्या नवऱ्याने, ओरेस्टने, शब्द दिला.

वर हौस म्हणून आदल्या दिवशी टीव्हीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने टीव्ही रेकॉर्ड करायचं नवं कार्ड बसवलं आणि कॉम्प्युटर चालवणारं लिनक्सही नवं घातलं. जुनं चांगलं चाललं होतं. नव्याला कार्डही ओळखेना आणि इंटरनेटही लागेना. कार्डाला कामाला लावणारी फाइल, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवर, आणि इंटरनेटचा ड्रायव्हरही तिथेच.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. लायब्ररी अकरा मैलांवर. तिथल्या हिल्डाने रविवार असूनही माझ्यासाठी कुलूप उघडलं. ओरेस्टने कागदावर नाव लिहून दिलेली फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि परत यायचं. ओरेस्ट ती घालायचा, की मशीन दुसरीच मागायचं.

"ह्याचं पोट भरतं की नाही कधी?"

"आता ही शेवटची."

"मघाचीही शेवटचीच होती! अरे, केबल कॉम्प्युटरची काढून टीव्हीला लाव, निदान बघ तरी."

"आणि लॅरिसाला काय दाखवू? तुझं तोंड?"

तिसऱ्या फेरीला सव्वाचार वाजले होते. फाइल घेतली, पेनड्राइव्ह कोटाच्या खिशात टाकला. हिल्डाच्या टेबलावर छोटा टीव्ही चालू होता. "पळ, बाई. आता निघालीस तर शेवटचा डाव त्याला सापडेल," ती म्हणाली. मी "हो, हो" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

लॅरिसाचा शेवटचा दगड दोन दगडांच्या फटीतून वळला आणि बर्फावरच्या वर्तुळाच्या मधोमध थांबला. हिल्डा आणि मी ओरडलो.

घरी पोचले. ओरेस्टने फाइल घातली आणि पडद्यावर चित्र आलं. बक्षीस समारंभ संपत आला होता. चाळीस सेकंद लॅरिसा खेळातला बर्फ घासायचा झाडू हलवत हसत होती, मग हवामानाच्या बातम्या.

"उशीर का झाला गं?"

"रस्त्यावर बर्फ होतं."

लॅरिसा ते बघून म्हणाली, "बाबा, झाडू मात्र मस्त हलवते मी!" पुढच्या वर्षी तिने खेळ सोडला, आता ब्रँडन गावातल्या शाळेत शिकवते. हिल्डा कॅलगरीला मुलाकडे गेली. ओरेस्ट २०१४ ला गेला. शेवटच्या आजारपणात तो म्हणायचा, "फाइल उतरेपर्यंत तू पाहिलंस ना, दगड कसा वळला, सांग ना." मी दर वेळी सांगत असे, अगदी सावकाश. फाइल तेव्हा माझ्या खिशातच होती, हे मात्र कधीच सांगितलं नाही.

कॉम्प्युटर तळघरात आहे. अजून चालतो.