श्रीकांतकाकांसाठी दांडा

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच आठवड्यात श्रीकांतकाका वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आले. त्यांनी कलकत्त्यातच, बेहाल्यात घर बांधलं होतं. काका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. अण्णांनीच त्यांना राजापुराहून कलकत्त्याला आणून खिदिरपूरच्या गोदीत आपल्या हाताखाली लावलं होतं.

"वहिनी, झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले.

आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मी चहा केला.

झालं होतं ते असं. जेटीवर यारीच्या साखळीने पेट्या जहाजावर चढवत होते. साखळीची एक कडी उघडत चाललेली अण्णांना वरून दिसली. ते ओरडले, "श्रीकांत, उचलू नको!" एरवी गोदीत ते हिंदी बोलत, पण घाईत जीभ घरी गेली. काकांनी तरीही यारीवाल्याला उचलायचा इशारा केला. साखळी तुटली आणि पेटीखाली एक खलाशी चिरडला. चौकशीत सगळ्यांनी सांगितलं, बडेबाबू त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडले, 'उचलू' असं काहीसं. त्याचा अर्थ सांगणार कोण? काकाच. "उचलू म्हणजे उचला," ते म्हणाले, "दादांनी घाई करायला सांगितलं."

मुंबईत हे खपलं नसतं. तिथे 'नको' कुठल्याही हमालाला कळतं. इथे ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. अण्णा परोपरीने सांगत राहिले, पण ज्याच्यावर आरोप त्याचं भाषांतर कोण धरणार? त्यांची नोकरी गेली, त्यांच्या खुर्चीत काका बसले, आणि अण्णांनी धरलेलं अंथरूण सुटलं नाही.

"काका," चहा देताना मी म्हटलं, "अण्णांच्या आजोबांची कुऱ्हाड आमच्याकडे गंजत पडली आहे. नीट करून तुमच्या नव्या घरात देते. दांड्याला लाकूड मात्र तुमच्या आवारातलं हवं."

त्यांचे डोळे भरून आले. घरासाठी तोडलेल्या बाभळीची एक वाळलेली फांदी त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिली. "अगदी दादांवर गेलीस हो, सरला. मनात काही ठेवत नाहीस."

जुना दांडा भोकाच्या तोंडाशीच मोडला होता. आत राहिलेला तुकडा जाळून काढणं सोपं, पण त्याने पोलादाचं पाणी उतरतं, हे अण्णांनी मला लहानपणी सांगितलं होतं. म्हणून मी तो पटाशीने कोरून काढला. पातं रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, मग विटेच्या भुकटीने घासलं. गंज लाल चिखलासारखा निघत होता. घासताना मला काकांची पाठ आठवत असे, चौकशीच्या खोलीतून बाहेर येतानाची, ताठ.

बाभूळ हट्टी लाकूड. मी ते रेषेच्या दिशेने तासलं, कानशीने गोल केलं, काचेच्या तुकड्याने खरवडलं. तळव्यांना फोड आले. आई रोज संध्याकाळी मागच्या दारात बसून बघायची.

"त्या मेल्याच्या घरी एवढं देखणं काय द्यायचं?"

"देखणंच द्यायचं, आई. सगळ्यांनी बघायला हवं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन जवसाचं तेल घेऊन आली आणि दांड्याला तिनेच चोळलं. पाचर मी ठोकली. धार अशी लावली की कागद नुसता टेकवला तरी फाटावा.

वास्तुशांतीला कलकत्त्यातली बहुतेक मराठी घरं होती आणि गोदीतली बाबूमंडळीही. ज्यांनी चौकशी चालवली ते मजुमदारबाबू मधल्या खुर्चीत होते. मी कुऱ्हाड काकांच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्या आणि अण्णांच्या आजोबांची. दांडा याच आवारातल्या झाडाचा."

शकुनआत्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या पुटपुटल्या तरी ओरडल्यासारखं होतं. "अगंबाई! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

पदराआड कुणीतरी खुदकन हसलं. काकांचा चेहरा उतरला.

"मानेटा की, श्रीकांतबाबू?" मजुमदारबाबूंनी हसत अर्थ विचारला.

"आशीर्वाद आहे," काका बंगालीत म्हणाले. "दांडा आणि पातं जसं एकत्र, तसं कुटुंब राहो."

आता मराठी माणसं उघड हसली. मजुमदारबाबू गोंधळले. मी बंगालीतच म्हटलं, "नाही. लाकडाचा दांडा मिळतो म्हणून कुऱ्हाड झाडं तोडू शकते. आपल्याच माणसांचा घात करणाऱ्याला आम्ही असं म्हणतो. त्या दिवशी जेटीवर..."

"सरला, नको!" काका हात आडवा धरून पुढे आले. "नको, नको!"

मी थांबले. "मजुमदारबाबू, हे मला आत्ता काय म्हणाले?"

"बोलू नकोस म्हणाले. थांब म्हणाले."

"तुम्हाला मराठी येतं?"

"यात येण्यासारखं काय आहे? हात दिसतोय की."

"'उचलू'च्या पुढे माझे वडील हाच शब्द ओरडले होते. यांनी तो तुम्हाला सांगितला नाही, आत्ता म्हणीचा खरा अर्थ सांगितला नाही तसाच."

मजुमदारबाबूंनी हातातली ताटली खाली ठेवली. शेजारच्या वकील दिघ्यांना त्यांनी विचारलं, शकुनआत्यांच्या सुनेला विचारलं, दारातल्या भटजींनाही विचारलं. नको म्हणजे काय? प्रत्येकाने खाली बघत बंगालीत एकच उत्तर दिलं. "ना."

"उद्या दहा वाजता माझ्या खोलीत या," ते काकांना म्हणाले आणि न जेवताच निघाले. त्यांच्यामागून बाकीचे बाबू उठले. काका कुऱ्हाड हातात धरून तसेच उभे होते. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

काकू रडत रडत पानं वाढत होत्या. पुष्कळ पानांवर आता कुणी बसणार नव्हतं. आईने माझा हात ओढला, "चल, घरी जाऊ."

"जेवून जाऊ," मी म्हटलं आणि काकांच्या बरोबर समोरचा पाट धरला. वर्षभर माझ्या तोंडाला चव नव्हती. त्या दुपारी मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं.