पडवीतली कॉफी

"ते भांडं माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!" सासूबाई उंबऱ्याच्या आतूनच म्हणाल्या.

विद्याधर मागच्या पडवीत उभा होता. हातात काचेचं एक उभट भांडं, त्याला पितळेची चौकट, झाकणातून वर आलेली दांडी आणि दांडीच्या खालच्या टोकाला जाळीचा दट्ट्या. फोर्टातल्या ऑफिसातला त्याचा गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा घरातलं सामान वाटून गेला. कुणाला टेबल मिळालं, कुणाला आरामखुर्ची. विद्याधरच्या वाट्याला हे आलं होतं.

"अगं आई, कॉफीचं आहे ते. फ्रान्सात घरोघरी असतं म्हणे."

"मला तर रवीच दिसतेय. साहेबाच्या घरी हिनं काय काय घुसळलं असेल, देव जाणे! हे बघ, पडवीत काय तो धुडगूस घाला. स्टोव्ह वेगळा, कप वेगळे. आतलं दूध त्याला लागता कामा नये. आणि पद्मजा, तू त्याला शिवलीस तर पुन्हा आंघोळ केल्याशिवाय चुलीशी यायचं नाही."

पद्मजेनं मान डोलावली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मान डोलावणं तिला आता श्वास घेण्याइतकं सोपं जात होतं.

त्या काळी अंधेरीला स्टेशनापासून थोडं आत आलं, की भातखाचरं लागायची. विद्याधर वझ्यांच्या बिऱ्हाडाची पडवी अशाच एका खाचराकडे तोंड करून होती. खाचरापलीकडे सिनेमाच्या स्टुडिओचं आवार. तिथे कधी देऊळ उभं राही, कधी राजवाडा. पण पडवीतून दिसायची ती त्यांची पाठ, म्हणजे बांबू, गोणपाट आणि सुतळ्या. सकाळच्या धुक्यात मात्र बांबू दिसेनासे होत आणि नुसते कळस तेवढे वर तरंगत राहत.

पहिल्या रविवारी विद्याधरनं घरातली नेहमीची बारीक पूड त्यात घातली, वर आधणाचं पाणी ओतलं आणि दट्ट्या दाबला. दट्ट्या हलेना. त्यानं बाह्या सरसावून जोर लावला, तशी कॉफी उसळून थेट त्याच्या सदऱ्यावर आली. पद्मजा खळखळून हसली आणि स्वतःच दचकली. नवऱ्यासमोर असं मोठ्यानं हसल्याचं तिला आठवतच नव्हतं.

"हस, हस! सदऱ्याची पार वाट लागली," तो म्हणाला, आणि स्वतःही हसत सुटला.

पुढच्या रविवारी माटुंग्याहून जाडसर दळलेली कॉफी आली. ती भिजत घातली, की जरा थांबावं लागे. त्या थांबण्यात करायचं काही नसे. विद्याधर वेताच्या एका बुटक्या मोड्यावर बसे. दुसरा मोडा रिकामा असे. पद्मजा खांबाला टेकून उभी राही.

"बस ना, पद्मजा," एकदा तो म्हणाला.

घरात त्याच्यासाठी ती 'अगं' होती, 'ऐकलंस का' होती. नाव घेऊन हाक मारायची, तीही आई घरात असताना, हे त्याच्या तोंडून कधी झालं नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. मग ती बसली.

पद्मजेच्या एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली आणि तिला मनातल्या मनात हसू फुटलं. तिनं एकदा त्या भांड्याला हात लावला, की दुसरी आंघोळ होईपर्यंत तिला आतून कुणी हाक मारू शकत नव्हतं. मुलांना पोहे हवे असले तर सासूबाईंनाच उठावं लागे. सगळा आठवडाभर ती तपेलीतला उरलासुरला चहा उभ्याउभ्या, सगळ्यांच्या शेवटी घ्यायची. रविवारी मात्र मोड्यावर बसून, दोन्ही हातांत कप धरून, नवऱ्याच्या बरोबरीनं प्यायची. काळीभोर, कडू कॉफी. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होई, मग ती जिभेवर रेंगाळत राही. काय बोलत असत ती दोघं? विशेष काहीच नाही. कालच्या देवळाचा आज किल्ला कसा झाला, सांताक्रूझकडून आलेलं विमान कुठल्या देशाला निघालं असेल, असलंच काहीतरी. पण ते अर्धवट स्वप्नातलं बोलणं तिला सोमवारपासून शनिवारपर्यंत पुरायचं. ती सुखी होती, आणि हे सुख विटाळाच्या जोरावर उभं आहे हेही ती जाणून होती.

दोन वर्षं अशी गेली. मग फाल्गुनातल्या एका संध्याकाळी देवळातून आल्या आल्या सासूबाईंनी दोघांना समोर बोलावलं. चेहरा उजळलेला होता.

"विद्याधर, मी गुरुजींना विचारून आले. म्हणाले, काच धुतली की शुद्ध. इतके दिवस उगीच बाहेर ठेवलं रे मी ते भांडं. दर रविवारी इतका छान वास येतो, मला जपसुद्धा सुचत नाही. पाडव्यापासून आत आणू. मी दूध आटवते, जायफळ घालते. सगळेच घेऊ या, मीपण घेईन."

"वा! झकासच की!" विद्याधर पोरासारखा आनंदला. "बघितलंस? आई तयार झाली!"

पद्मजेला मात्र पुढचं लख्ख दिसलं. आत म्हणजे पुन्हा ती चुलीशी, तो बाहेरच्या खोलीत, आणि कॉफी तपेलीतली, सगळ्यांच्या शेवटी. एवढी साधी गोष्ट याला दिसू नये? तिला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. आणि चौदा वर्षं नुसत्या डोलणाऱ्या त्या मानेनं पहिल्यांदाच नकार दिला.

"आई, त्यात अंडं घालत होते."

"काय?"

"साहेबाकडे. कॉफी निवळावी म्हणून त्यात अंडं फोडून घालायचे. यांनीच सांगितलं होतं मला."

विद्याधरनं असलं काही सांगितलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. तो म्हणाला, "हो. विसरलोच होतो मी."

 पद्मजेच्या लाल झालेल्या कानांकडे सासूबाई बघत राहिल्या. सुनेला खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"अंडं म्हणतेस? मग राहू दे बाहेरच," त्या उठता उठता म्हणाल्या. दाराशी क्षणभर थांबल्या. "आमच्या वेळी बाहेर ठेवायला काही नव्हतंच गं."

पाडवा गेला. पुढच्या रविवारी पद्मजेनं स्टोव्ह पेटवला. विद्याधरनं दोन्ही मोडे झटकून जवळजवळ मांडले. पलीकडच्या आवारात नवा राजवाडा उभा राहत होता, आणि त्याचे बांबू धुक्यात अजून दिसत नव्हते. तिनं आधणाचं पाणी ओतलं, तसा वास पडवीभर पसरला.

आजवर अर्धवट उघडं असायचं ते दार आतून कुणीतरी हळूच लोटून घेतलं. कडी मात्र वाजली नाही.

मग दारामागे पाट सरकवल्याचा आवाज आला. पाट अगदी दाराशी आला आणि थांबला. पाठोपाठ जपमाळेचे मणी वाजू लागले, आणि थोड्याच वेळात तेही थांबले.

"दाब ना आता," विद्याधर हलकेच म्हणाला.

पद्मजेनं दट्ट्यावर हात ठेवला होता, पण तो लगेच खाली नेणं तिच्यानं होईना.