उजवं चाक पंचफुलाबाईंचं

रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या गावात, भिलाईत, बळीराम बहेकारांनी अमेरिकन गाडी पाळली होती. पाळली हाच शब्द बरोबर; तिची जेवढी निगा राखली गेली तेवढी घरच्या दुभत्या म्हशीचीही कोणी राखत नाही. जुनी विलीस पिकअप, मागे उघडा हौदा आणि स्टेअरिंग डावीकडे. एका ठेकेदाराच्या आवारात गंजत पडलेली ही गाडी त्यांनी कॅम्प-१ या कामगारवस्तीत आणली, तेव्हा कारखान्यातल्या रेल मिलमधल्या मित्रांनी त्यांना ‘अमेरिकेचे जावई’ करून टाकलं. जावईबुवा चिडत नसत. उलट चिडवणाऱ्याला धरून बसवत आणि सुरू होत: मोठी लढाई संपली, जीप घरी परतली, तिकडच्या शेतकऱ्यांना वाटलं हिच्या पाठीवर ओझं टाकता आलं तर काय बहार होईल, आणि मग जन्मली ही. चारही चाकांनी ओढणारी. नांगरालासुद्धा जुंपायचे म्हणे तिला! बायकोला, पंचफुलाबाईंना, ही कथा तोंडपाठ होती, तरी दर वेळी त्या “मंग?” विचारायच्या.

चारही चाकं ओढायची खरी, पण सुखासुखी नाही. एरवी मागच्या दोघांवरच भार. चिखल लागला की खाली उतरायचं, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हातानं फिरवायची आणि मग आतला दांडा ओढायचा. एकीकडची जरी राहिली, तरी सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला निघून जातो आणि पुढची चाकं कुचकामी. आमगावकडच्या शेतावरून धान आणताना हा सोहळा दर वर्षी व्हायचा. ड्रायव्हर डावीकडून उतरतो म्हणून डावं चाक बळीरामांचं, उजवं पंचफुलाबाईंचं. ज्याचं झालं त्यानं बोनेटवर थाप मारायची. दोन थापा पडल्या की दोघांनी वर चढायचं. इतक्या वर्षांच्या संसारात कुणी कुणाच्या चाकाला हात लावला नाही.

मागच्या वर्षी बळीरामांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. हात थोडा सुधारला, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण तो फक्त घरात, दार लावून. ज्यांच्या बुटांचा आवाज ऐकून मिलमधली अख्खी पाळी कामाला लागायची, त्यांना तसं रस्त्यावर दिसणं मंजूर नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाहेर चाला, नाहीतर आहे तेवढंही जाईल. पंचफुलाबाई सांगून थकल्या, रुसून थकल्या, रडूनही झालं. माणूस दिवसेंदिवस खाटेत मुरत चालला होता आणि एक दिवस तो तिथून उठणारच नाही, या भीतीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

तेवढ्यात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी भिलाईत पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागतं.

“गाडीले पूजेच्या मांडवात नेल्याबिगर कसं चालन?” पंचफुलाबाई म्हणाल्या. “नीतू चालवन.”

“मी खाली उतरनार नाही. सांगून ठेवतो.”

“नोका उतरू. तुमाले कोन उतरवून राहिलं?”

सून नीतू भिलाईच्याच हुडको कॉलनीत वाढलेली, गडबडली की हिंदीत शिरणारी. डावीकडच्या स्टेअरिंगशी भांडत भांडत तिनं गाडी काढली. बळीराम उजव्या खिडकीशी बसले. पंचफुलाबाई मागच्या हौद्यात, नारळ आणि झेंडूच्या माळा सांभाळत.

पावसानं पूजेच्या मैदानाची पार रया गेली होती. मांडव थोडा पुढे राहिला असताना मागची चाकं रुतली आणि जागच्या जागी गरगरू लागली. मांडवातली माणसं बघू लागली. त्यांत फकिराही होता, बळीरामांच्या हाताखाली वाढलेला. बळीरामांनी खिडकीची काच वर घेतली.

“बाबूजी, ये तो फँस गई!” नीतू घाबरली.

पंचफुलाबाईंनी पदर खोचला, उडीसारखं काहीतरी मारून खाली आल्या, उजव्या चाकाची चकती फिरवली, बोनेटवर थाप मारली आणि परत हौद्यात चढून बसल्या. “हं, दांडा ओढ!”

नीतूनं ओढला. चिखल तेवढा उडाला, गाडी काही हलली नाही.

“मम्मी, कुछ नहीं हो रहा!”

पंचफुलाबाईंना कळेना. आपलं तर झालं की! आता घोडं अडलं कुठे?

तेवढ्यात उजवं दार उघडलं. आधी चांगला पाय चिखलात आला, मागून दुसरा.

“नीतू, न्यूट्रल कर,” बळीराम म्हणाले. मग हौद्याकडे बघून हळूच, “अवं, माहं चाक राह्यलं ना.”

पंचफुलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठून सुचणार होतं? त्यांच्या हाताला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती. त्या धडपडत उठल्या, एक पाय हौद्याच्या काठावर टाकला, आणि तशाच थांबल्या. मांडवातून फकिरा आधाराला धावत आला.

“थांब फकिरा,” त्या म्हणाल्या. “ते त्याइचं चाक हाये.”

बळीराम बोनेट धरून निघाले. पाय फरफटत होता आणि सगळा कॅम्प बघत होता. वाटेत एक चप्पल चिखलात राहिली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पंचफुलाबाईंनी नारळ छातीशी घट्ट धरला होता. ते पडले तर दोष आपला, हेही त्यांना कळत होतं. बळीराम वाकले. चकती आखडली होती. उजव्या हातानं त्यांनी ती पुन्हा पुन्हा रेटली, शेवटी फिरली. मग ते सरळ झाले आणि बोनेटवर थाप मारली. डाव्या हाताची, हलकी, पण पंचफुलाबाईंना ती नीट ऐकू आली.

ते बाजूला सरताच नीतूनं दांडा ओढला. गाडी गुरगुरली, चिखलातून वर आली आणि थेट मांडवापाशी जाऊन थांबली. बळीराम मागेच राहिले. हौद्यातून पंचफुलाबाई बघत होत्या: नवरा एका चपलेनं, पाय ओढत, सगळ्यांच्या देखत चालत येत होता. त्यांना रडू आवरेना आणि त्यांनी आवरलंही नाही.

“का वस्ताद, अजूनबी ओढते का म्हातारी?” फकिरानं विचारलं.

बळीरामांनी दम घेतला, मडगार्डला टेकले. “बस इथं, सांगतो. मोठी लढाई संपली ना बाप्पा…”

“मंग?” हौद्यातून डोळे पुसत पंचफुलाबाई म्हणाल्या.