वाकड्या करंगळीचा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. डाव्या हाताचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या गावच्या संग्रहालयात येणारे लोक काचेच्या पेटीतल्या माझ्या उजव्या भावाकडे बघून तोंडात बोटं घालायचे आणि तसेच बाहेर पडायचे. "हाच तो अंतराळात गेलेला हातमोजा!" असं आया मुलांना सांगायच्या. अहो, एकच हातमोजा घालून कुणी अंतराळात जातं का? पण डाव्याची चौकशी कोण करतो! मी त्याच खोलीतल्या लाकडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, तेवीस वर्षं पडून होतो.

माझा जन्म मॉस्कोपासून तासाभराच्या अंतरावर, अंतराळवीरांचे पोशाख शिवणाऱ्या एका शिवणगृहात झाला. मला शिवलं झिनाइदा अर्खिपोव्हना यांनी. बाई ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि जीभ महातिखट. माझ्या पोटात हवा धरून ठेवणारं रबर, त्यावर न ताणणारं कापड आणि सगळ्यांत वर जाड पांढरं आवरण. एवढं सगळं जोडायला त्यांना अडीच महिने लागले. शेजारच्या बाया घाई करायला लागल्या की त्या म्हणायच्या, "वर टाका उसवला तर मी सुईदोरा घेऊन धावत जाणार नाहीये. काय करायचंय ते इथेच करा."

शिवणगृहाच्या दाराशी मानाचा फलक होता. उत्तम काम करणाऱ्यांचे फोटो त्यावर लावत. झिनाइदा अर्खिपोव्हनांचा फोटो तिथे एकोणीस वर्षं होता. येता-जाता त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत, पण काच पुसलेली आहे की नाही हे मात्र त्यांना बरोबर कळायचं. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि आम्ही दोघं भाऊ त्यांची शेवटची जोडी होतो.

ज्याच्यासाठी आम्हाला शिवलं, त्याचं नाव रोदिओन. सगळे त्याला रोद्या म्हणत. अकरा वर्षं तो आपल्या पाळीची वाट बघत होता. दोनदा त्याचं नाव यादीत येऊन गळलं होतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकाला एक नवी खोली जोडली जाणार होती, आणि त्या खोलीचे सूर्यावर चालणारे पंख बाहेर जाऊन हाताने उघडायचे होते. ते काम या वेळी रोद्याकडे आलं होतं.

माप घेताना अंतराळवीराच्या हाताचा साचा करतात. रोद्याने हात ओल्या प्लास्टरमध्ये बुडवला तेव्हा त्याची डावी करंगळी अगदी सरळ होती. मीही तशीच सरळ करंगळी घेऊन जन्माला आलो. पण अंतराळातल्यासारखं तरंगत काम करायचा, पाण्याच्या मोठ्या टाकीतला सराव सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की हे बोट काही सरळ राहत नाही. ते मधल्या पेरात वाकायचं आणि तासन्‌तास माझ्या शिवणीवर घासत राहायचं. त्याला किती दुखायचं ते मला कळत होतं. तो मात्र हूं की चूं करत नव्हता.

एकदा सरावानंतर झिनाइदा अर्खिपोव्हनांनी मला उलटं केलं, तर आतल्या अस्तरावर वाटाण्याएवढा तांबूस डाग. त्यांनी तो नखाने खरवडून बघितला. मग त्यांनी निरोप धाडला, "शेवटचं माप राहिलंय, लगेच ये."

आमच्याकडे एक रीत आहे. कपडा अंगावर असतानाच शिवायचा झाला, तर ज्याच्या अंगावर तो आहे त्याने दातांत दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि टाका संपेपर्यंत बोलायचं नाही. नाहीतर कपड्याबरोबर त्याची आठवणही शिवली जाते म्हणतात.

"अहो, मी अंतराळात चाललोय आणि तुम्ही मला दोरा चघळायला लावताय?" रोद्या हसत म्हणाला.

"चाललायस तिथे काही विसरून चालणार नाही. धर दातांत."

दोरा दातांत गेला, तसा बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आता नुसती मान हलव. हा डाग रक्ताचा आहे ना?"

मान हलली नाही.

"रोद्या, मी तीन मुलं वाढवलीत आणि एक नवरा सांभाळलाय. गप्प बसून कोण खोटं बोलतंय ते मला कळतं."

मान हळूच हलली.

"बोट लहानपणी मोडलं होतं? आणि साच्याच्या वेळी ताणून सरळ धरलंस?" मान पुन्हा हलली. "डॉक्टरांना कळलं तर तुझ्या जागी दुसरा जाईल म्हणून?"

या वेळी त्याने मान हलवली नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"गाढवा!" बाई म्हणाल्या. "बोट वाकडं असेल तर मोजा वाकडा शिवता येतो. पण सरळ मोजा घालून वर तुझा हात सुटला असता तर?"

त्यांनी त्याच्या हातावरच खुणेचे टाके घातले. मग तीन दिवस बसून माझी करंगळी उसवली आणि ती मधल्या पेरात वाकवून पुन्हा शिवली. हवा भरून माझी तपासणी झाली, त्यात मी पार पडलो. रोद्याने मला घालून मूठ वळली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

पण आम्हा प्रत्येकाच्या जन्माची एक वही असते. एक टाका बदलला तरी त्यात कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहिलं असतं तर रोद्याची पुन्हा वैद्यकीय तपासणी होऊन तिसऱ्यांदा नाव कटलं असतं. बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं, 'डावी करंगळी वाकवून पुन्हा शिवली. माप घेताना माझी चूक झाली होती.' खाली सही केली.

आठवड्याच्या आत मानाच्या फलकावरून त्यांचा फोटो उतरला. वरिष्ठ म्हणाले, "शेवटच्या जोडीत चूक करावी तुम्ही?" बाईंनी नुसतं "वय झालं" म्हटलं आणि सुया आवरायला घेतल्या. रोद्या त्या वेळी दाराशीच उभा होता. फोटोच्या जागी चार खिळ्यांची भोकं राहिली होती, त्यांच्याकडे तो बघत होता. त्याने तोंड उघडलं, तशा बाईंनी डोळे वटारले. तो मूग गिळून गप्प बसला. मित्रांनो, मला त्याचा तेव्हा फार राग आला होता.

मग तो दिवस उजाडला. स्थानकाचं दार उघडून आम्ही बाहेर पडलो. खाली पृथ्वी निळी पसरलेली. रोद्यापासून दहा हातांवर आमचा कमांडर तारास पंखाची घडी सोडवत होता. रोद्याने डाव्या हाताने कठडा धरायचा आणि उजव्याने दांडा फिरवून पंख ताणायचा, असं ठरलं होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. पण घडी अर्ध्यावर अडकली, आणि ती सुटेपर्यंत रोद्याला दांडा ताणून धरावा लागणार होता. पंख उघडला नाही तर नव्या खोलीला वीज नाही, आणि वीज नाही तर पुढच्या तुकडीला तिथे राहता येणार नाही. बघता बघता सूर्य पृथ्वीमागे गेला. अंधार झाला, थंडी वाढली.

"धरलंयस ना, रोद्या?" तारासचा आवाज आला.

"धरलंय."

"सोडू नकोस बाबा. नाहीतर परत जाताना आपली जॅमची बरणी मला एकट्याला संपवावी लागेल!"

रोद्या हसला, पण त्याने मूठ आणखी आवळली. पोकळीत फुगलेल्या हातमोज्याची मूठ मिटून ठेवणं म्हणजे रबरी चेंडू सतत आवळत राहण्यासारखं. एकेक बोट बधिर होत गेलं. करंगळी मात्र कठड्याभोवती घट्ट बसली होती, कारण ती वाकडी होती आणि मीही तिच्याचसारखा वाकडा होतो. सत्तेचाळीस मिनिटं आम्ही कठडा सोडला नाही. मग घडी सुटली, सूर्य वर आला आणि पंख लखलखत उघडला. रोद्या पुटपुटला, "झिनाइदा अर्खिपोव्हना, उघडला हो!" ते फक्त मी ऐकलं.

किती वर्षं झाली, पण कपाटातल्या अंधारात मला तीच सत्तेचाळीस मिनिटं आठवायची. पोशाख वरच राहिला, आम्ही दोघं तेवढे परत आलो. पत्रकारांनी दांडा फिरवणाऱ्या उजव्या हाताचे फोटो काढले. पुढे आम्ही संग्रहालयात आलो तेव्हा तिथल्या बाईंनी माझी वही वाचली, 'चूक झाली होती' या शब्दांवर बोट ठेवलं आणि मला सदोष ठरवून कपाटात टाकलं. शेजारी डांबराच्या गोळ्या. हळूहळू माझी करंगळी उसवायला लागली.

गेल्या वसंतात रोद्याला तिथे समारंभाला बोलावलं. केस पांढरे झाले होते त्याचे. त्याने काचेत वाकून बघितलं. "आणि डावा कुठाय?"

"तो सदोष होता ना," संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या. "शिवणारीची चूक. वहीतच लिहिलंय की."

रोद्याने कपाट उघडायला लावलं. मग त्याने मला आणि माझी वही मागून घेतली आणि थेट झिनाइदा अर्खिपोव्हनांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेलं.

"लिफ्ट बंद असून वर आलास, म्हणजे काहीतरी काम असणार," दार उघडताच बाई म्हणाल्या. वय शहाऐंशी, जीभ होती तशीच. माझ्याकडे लक्ष जाताच त्या कडाडल्या, "शी! कुणी असा ठेवला याला?" चहा तसाच राहिला. त्यांनी मला स्वतःच्या डाव्या हातावर चढवलं, सुईत दोरा ओवला आणि रीतीप्रमाणे एक तुकडा स्वतःच्या दातांत धरला.

रोद्या म्हणाला, "आता तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून मी बोलतो. तुमचं माप चुकलं नव्हतं. मी लपवलं. तुमचा फोटो फलकावरून उतरवला तेव्हा मी दाराशी उभा होतो आणि गप्प बसलो. वर गेलो, परत आलो, पदकं घेतली, तरी गप्पच बसलो. मला लाज वाटायची, म्हणून इकडे फिरकलोसुद्धा नाही."

बाई हूं हूं करत मान हलवू लागल्या.

"अंहं! टाका संपलेला नाही अजून," तो म्हणाला. आणि त्याने वही उघडून बाईंच्या ओळीखाली लिहिलं, 'माप बरोबर होतं. करंगळी माझी वाकडी होती आणि मी ते लपवलं. या हातमोज्यामुळे माझा हात सुटला नाही.' खाली सही केली.

शेवटची गाठ मारून बाईंनी दातांतला दोरा काढला. वही डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचली.

"अक्षर मेलं तेव्हाही असंच होतं तुझं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसायला लागल्या. मी अजून त्यांच्या हातातच होतो, त्यामुळे त्यांना ते एका हाताने काही जमेना. शेवटी रोद्याने पुसून दिला.

आता मी माझ्या भावाशेजारी काचेत असतो. समोर माझी वही त्या पानावर उघडून ठेवली आहे. मित्रांनो, हाताने केलेल्या वस्तू जपा, त्यांना कपाटात कुजू देऊ नका. आणि तुमची चूक कुणी आपल्या नावावर घेतली असेल, तर माझ्या रोद्यासारखी इतकी वर्षं लावू नका. ते माणूस आहे तोवर जिने चढून जा.