ओल्या भिंतीवर पांढऱ्या टाइल्स

मी एक जुनी न्हाणीघराची भिंत आहे. मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे, आणि तो ऐकल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही.

एका म्हाताऱ्या गवंड्याने मला चुना-वाळूने लिंपले. हात धुता धुता तो म्हणाला होता, "हिला श्वास घेऊ द्या, ही तुम्हाला सांभाळेल." सकाळी आंघोळींनी मी भिजायची, दुपारी खिडकीतल्या वाऱ्याने सुकायची. घरातले आप्पा आंघोळ करताना देवाची गाणी म्हणत. त्यांचा सूर मी घुमवून परत देई. मागे कोणीतरी साथीला उभे आहे, असे त्यांना वाटे.

मग माझ्या पोटातला पाइप झिरपू लागला. मी पोपडे काढून दाखवले. आप्पांच्या मुलाने ते खरवडले आणि वरून ऑइलपेंट फासला. माझा श्वास कोंडला. कुठे दुखते, हे मला कोणी विचारले नाही.

पुढे पेंटही फुगला, तेव्हा टाइल्सचे नमुने आले. मुलगा आणि सून ते माझ्या अंगावर टेकवून, मान तिरकी करून बघत.

"मोतिया बरा दिसेल."

"अहो, मोतिया चार दिवसांत मळका दिसतो. पांढरा घ्या."

फरशीवाल्याने बोटाच्या पेराने मला ठोकले. "साहेब, भिंत पोकळ वाजतेय. आधी फोडू, पाइप बदलू, मग महिनाभर सुकू द्या."

"मग महिनाभर आंघोळीला तुमच्याकडे येऊ का? रविवारी पाहुणे येतायत. लावा वरूनच."

त्याने लावल्या. माझा त्याच्यावरही राग आहे. त्याला कळत होते.

पाहुण्यांनी वाहवा केली, ती टाइल्सची. नंतर आप्पांचे गुडघे दुखू लागले म्हणून त्याच टाइल्सवर स्टीलचा दांडा बसवला. स्क्रू माझ्या कुजलेल्या चुन्यात गेले. मी टाइल्सच्या सांध्यांतून काळी ओल दाखवली. सुनेने ती ब्रशने घासली, मुलाने वर पांढरे सिमेंट भरले.

एका सकाळी आप्पांनी गाण्याची ओळ उचलली आणि उठण्यासाठी दांड्यावर भार टाकला. दांडा, टाइल आणि ओंजळभर चुना त्यांच्याबरोबर खाली आला. ओळ अर्धीच राहिली. मनगट मोडले. मुलगा धावत आला, त्यांना उचलून बाहेर घेऊन गेला, आणि परत येऊन मलाच थप्पड मारून म्हणाला, "दगाबाज भिंत."

दगाबाज? मी?

दवाखान्यातून आल्यावर आप्पाच दारात उभे राहून म्हणाले, "तिला बोल लावू नकोस. ती इतकी वर्षं ओरडतेय, तू तिच्या तोंडात सिमेंट भरलंस. आता तिचं प्लास्टर उतरव. माझं चढलंय."

मुलगा हसला नाही. त्याने त्याच फरशीवाल्याला बोलावले आणि मान खाली घालून म्हणाला, "फोडा."

आता पाइप नवा आहे आणि मी उघडी उभी आहे. घरचे मागच्या मोरीत आंघोळ करतात. मुलगा रोज माझ्यावर तळहात टेकवतो, "अजून गार लागतेय" म्हणतो आणि नमुन्यांची पेटी न उघडता जातो. मित्रांनो, एवढेच तर करायचे होते. भिंतीचा रंग ठरवण्याआधी तिच्यावर एकदा हात ठेवायचा होता.

त्या सकाळपासून आप्पा गायले नव्हते. काल ते आत आले. बरा हात माझ्यावर ठेवून त्यांनी ती अर्धी राहिलेली ओळ हळूच पुरी केली.

माझा राग अजून गेलेला नाही. पण सूर मात्र मी परत दिला.