मला भिंतीला आवळले तेव्हापासून

मी एक जुनी शिडी आहे. हे वाचून 'किती गोड!' असे म्हणणार असाल, तर मित्रांनो, इथेच थांबा. गोड म्हणवून घेऊन मी पुरती विटले आहे.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका सुताराने मला या छोट्या गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानासाठी घडवले. नऊ पायऱ्या, आणि एकही खिळा नाही. मला भिंतीला टेकवून तो स्वतः तीनदा वर जाऊन आला. "आता पडलात तर चूक तुमची," असे दुकानाच्या मालकांना सांगून चालता झाला. अशी माणसे मला आवडतात. मालकही तसेच होते. बोलणे कमी, चढणे जास्त. गिऱ्हाईक पुस्तकाचे नाव अर्धे सांगेपर्यंत ते पाचव्या पायरीवर पोचलेले असत. माझी कुणी कधी स्तुती केली नाही. एकदाच मालक म्हणाले होते, "ही आहे म्हणून चाललंय." तेवढ्यावर मी वीस वर्षे काढली.

दोन वर्षांपूर्वी मालक गेले आणि दुकान त्यांच्या सुनेच्या हाती आले. सून वाईट नाही. तिला पुस्तके आवडतात, पडदे आवडावेत तशी. दोन महिने खपून तिने सगळी पुस्तके रंगाप्रमाणे लावली. कायद्याच्या शेजारी कोंबड्यांचे रोग आणि त्याच्या शेजारी कविता, कारण तिन्ही हिरवी. खाकी कागद घातलेली पुस्तके तिच्या डोळ्यांत खुपत होती. ती तिने छताजवळच्या फळीवर चढवली. त्यासाठी मी लागले, आणि तेच माझे शेवटचे काम ठरले. त्यानंतर मला पांढरा रंग फासला, दारापाशी चार स्क्रूंनी भिंतीला आवळले, पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्या आणि वर दिव्यांची माळ गुंडाळली.

आता बाहेरगावचे लोक हे 'टुमदार दुकान' बघायला येतात. पुस्तके नाकाशी धरून हुंगतात. मासळी घेतानाही कुणी इतके हुंगत नसेल. मग माझ्या दुसऱ्या पायरीवर एक पाय ठेवायचा, हाताला येईल ते पुस्तक उघडायचे आणि फोटो काढून घ्यायचा. एका शहाण्याने ते उलटे धरले होते. एक बाई मात्र पान उलटून थांबल्या, तेव्हा मला भरून आले. त्या पानावर आपली पर्स शोभते का, ते बघत होत्या.

गेल्या बुधवारी आमच्या गावचे घड्याळजी आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, शर्टाच्या खिशात लहानमोठे तीन पेचकस.

"ताई, माझं एक पुस्तक इथं आलंय. घड्याळदुरुस्तीचं. दोन वर्षांपूर्वी मुलानं घर रंगवायला काढलं, तेव्हा मला न विचारता दोन पोती तुमच्याकडे टाकली."

"कव्हर कुठल्या रंगाचं होतं, काका?"

"रंग?" घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. "खाकी कागद घातला होता मी."

"मग ते वर गेलं. पण वरची आम्ही काढत नाही. ती नुसती दिसायला आहेत."

"अहो, चौकातलं मनोऱ्यावरचं घड्याळ बंद आहे ना? त्याचं मोडकं चाक नगरपालिकेच्या माणसानं साफसफाईत फेकून दिलं. नवं करायचं तर दात किती, व्यास किती, सगळं लागतं. मी ते त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. सोमवारच्या आत चाललं नाही, तर ते घड्याळ भंगारात जाणार. चाळीस वर्षं चालवलंय मी ते."

"हो का? अरेरे," सून म्हणाली. तिला खरेच वाईट वाटले असावे. पण ती जागची हलली नाही.

"काका, जरा सरकता का? फोटोत येताय," माझ्यावर पाय ठेवून उभा असलेला तरुण म्हणाला.

घड्याळजी सरकले, पण माझ्याच दिशेने. त्यांनी त्या तरुणाला पाय माझ्यावरून खाली घ्यायला लावला, एकेक कुंडी जमिनीवर उतरवली आणि खिशातला मोठा पेचकस काढला.

"अहो, काय करताय? ती शोभेची आहे!"

"शिडी आहे ती," घड्याळजी म्हणाले.

चारही स्क्रू निघाले. माळ तुटली, बरे झाले. त्यांनी मला उचलून त्या फळीला टेकवले, चपला काढल्या आणि चढू लागले. पांढऱ्या रंगावरून त्यांची बोटे निसटत होती. सातव्या पायरीवर ते थांबले, तेव्हा मी जीव मुठीत धरला. हा माणूस पडला तर चूक माझीच ठरेल, असे मला वाटत होते. ते पडले नाहीत. आठ पुस्तके काढून बघितली, नववे त्यांचे निघाले. वरच उभे राहून त्यांनी शेवटचे पान वाचले आणि मोठ्याने म्हणाले, "बहात्तर!" दोन वर्षांत या दुकानात एवढ्या आनंदाने कुणी काही वाचले नव्हते.

ते पुस्तक काखेत मारून निघून गेले. सवयीने स्क्रूही खिशातच गेले.

"रांगेत फट दिसतेय हो," एवढेच सून म्हणाली. त्या जागी तिने खाकी कागदात गुंडाळलेला साबणाचा रिकामा खोका बसवला. कुणालाही फरक कळलेला नाही.

रविवारी सकाळी मनोऱ्यावरच्या घड्याळाने अकरा टोले दिले. मी ते एकेक करून मोजले. दुकानातले सगळे मोबाइल उंचावून बाहेर धावले. "किती गोड!" असा गलका झाला. वेळ किती झाली, ते एकानेही बघितले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत सांगतात. मला तसे जपू नका. माझ्यावर चढा, चिखलाच्या पायांनी चढा. उद्या कारागीर जास्त लांबीचे स्क्रू घेऊन येणार आहे. आजचा दिवस मी मोकळी आहे. कुणाला वरच्या फळीवरचे काही हवे असेल, तर आजच या.