खडूच्या रेघेशिवाय

सकाळी सव्वादहाला शिंप्याने आपली कात्री स्वतःहून ताईच्या हातात दिली. टेबलावर तीन पँटांचं कापड कापून पडलं होतं आणि एकावरही खडूची रेघ नव्हती. मापं नुसत्या डोळ्यांना दिसतात, असं त्याला पहाटेपासून वाटत होतं. गेल्या वेळी खडू सुटल्यावर चौथ्या दिवशी त्याला बांधून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आज चालत जायचं, एवढंच दोघांनी ठरवलं.

मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. कोट सैल करून घ्यायला आले होते, फुकट, अर्थात.

“डॉक्टर कशाला? त्या गोळ्यांनीच माणूस खुळा होतो. मन खंबीर लागतं. आमच्याकडे बघ.”

शिंप्याने बघितलं. कोटाचं बटण पोटावर बसत नव्हतं. खंबीर म्हणावं असं तेवढंच दिसलं.

‘आम्ही सगळे त्याच्या पाठीशी आहोत,’ असं हे मामा चारचौघांत छाती फुगवून सांगत. पाठीशीच असणार; आजाराच्या नऊ वर्षांत समोर कधी आले नव्हते. त्यांचा आधार म्हणजे रोज सकाळी मोबाइलवर फुलाचा फोटो आणि खाली उपदेश. दवाखान्याच्या बाकावर दर वेळी ताई बसली. आजाराच्या भरात शिंप्याने तिला नाही नाही ते बोलून घेतलं, तेव्हाही तीच बसली.

“बहिणीच्या हातात कात्री देणारा शिंपी! लोक हसतील.”

“सुरुवात तुम्ही केलीच आहे, मामा,” ताई चपला घालत म्हणाली. “उठा, कुलूप लावायचंय.”

“आणि माझा कोट?”

“आत्ता कापून देतो की,” शिंपी म्हणाला. “रेघ न मारता.”

मामा कोट छातीशी धरून चालते झाले.

रस्त्यात त्याने सुरुवात केली, “ताई, तू नसतीस तर...”

“तर मी आत्ता ऑफिसात असते. आभारबिभार राहू दे. डॉक्टरांना खरं सांग, तीन रात्री झोपला नाहीस.”

“दोन.”

“तीन. भिंत पातळ आहे, मशीन ऐकू येतं.”

बारा वाजता दवाखान्यात डॉक्टरांकडे अकरावा नंबर होता, त्यांचा सत्ताविसावा. शिंप्याचे पाय ठरत नव्हते. दोनदा तो दारापर्यंत गेला आणि दोनदा, तिच्याकडे बघून, परत येऊन बसला. ताईच्या साहेबांचा दुसरा फोन वाजून बंद झाला. पावणेएकला नर्सने सांगितलं, डॉक्टर बाहेर गेलेत. कधी परततील, तिला माहीत नव्हतं.